मिश्रीचा चोविहार

एकतीस वर्षं मी सरकारी गुरांच्या दवाखान्यांत काढली. या काळात म्हशी माझ्या पायावर उभ्या राहिल्या, एरंडोलला एका गोऱ्ह्याने मला उकिरड्यात लोळवलं, पिंपळनेरच्या बाजारात एका बकरीने माझा रजेचा अर्ज खाऊन टाकला. पण चावलं म्हणून कोणी नाही. निवृत्त झाले, धुळ्याला देवपुरात घराच्या खालच्या दोन खोल्यांत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना उघडला, आणि तिसऱ्याच दिवशी दीड किलोच्या एका पॉमेरियनने माझ्या अंगठ्यातून रक्त काढलं. मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, खेळतोय तो. मी हसून घेतलं, कारण दुकान नवीन होतं.

माझ्या मदतीला आबा आहेत. पिंपळनेरला ते माझ्याच दवाखान्यात व्रणोपचारक होते, म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले आणि घरी बसून सुनेच्या डोक्याला ताप झाले, म्हणून सुनेनेच मला फोन केला, की आमच्या आबांना काहीतरी काम द्या. बैल पाडण्यात आबांचा हात धरणारा साक्री तालुक्यात कोणी नव्हता. तेच आबा आता टेबलापाशी उभे राहून पॉमेरियनची मान दोन बोटांत धरतात आणि पुटपुटतात, "काय दिन दखाडात रे देवा."

गुरांच्या दवाखान्यातून इथे आल्यावर पहिला धक्का बसला तो फीचा. सरकारी दवाखान्यात केसपेपर नाममात्र पैशांत व्हायचा, औषध फुकट, वर शेतकरी जाताना पिशवीभर भेंडी ठेवून जायचा. इथे पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी माझ्याशी वजनावर घासाघीस केली. म्हणाले, बाई, कुत्रं दीड किलोचं आणि फी बैलाची? मी म्हटलं, बैलाची शीर मला अंधारात सापडते, तुमच्या कुत्र्याची शोधायला चष्मा, बॅटरी आणि रामरक्षा तिन्ही लागतात. त्यांना ते पटलं नाही, पण फी दिली.

खरं सांगायचं तर लोकांचंही चुकत नाही. पिल्लू घेताना ते पिल्लाचा भाव विचारतात, पुढच्या बारा-चौदा वर्षांचा कोणी विचारत नाही. पॉमेरियन दिसायला कापसाचं बोंड, पण आत यंत्रं बारीक आणि नाजूक. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते, मग ते चालता चालता एक पाय उचलून लंगडी घालतं आणि घरचे म्हणतात, बघा कसं नाचतं. श्वासनळी मऊ पडून चपटी होते, मग गळ्यातला पट्टा ओढला की बदकासारखा खोकला येतो. नसबंदी न केलेल्या माद्यांच्या गर्भाशयात पू होतो. त्यात हा थंड मुलखातला केसाळ प्राणी, आणि आपल्याकडचं ऊन कसं असतं ते मी जळगाव-धुळ्याच्या वाचकांना काय सांगू. एप्रिल उजाडला की माझ्याकडे रोज एखादं तरी जीभ बाहेर टाकून येतं.

आणि दात. एवढ्याशा जबड्यात मोठ्या कुत्र्याइतकेच दात कोंबलेले, त्यामुळे कीट साचतं, हिरड्या सुजतात. पाचव्या-सहाव्या वर्षी भूल देऊन दात साफ करायची वेळ येते, आणि भुलीचं इंजेक्शन, सलाईन, रक्ततपासणी यातलं काहीही कुत्र्याचं वजन पाहून स्वस्त होत नाही. म्हणून मी आधीपासून सांगते, की रोज दात घासा. लोक माझ्याकडे असं बघतात की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना. एक आजोबा म्हणाले होते, डॉक्टरीणबाई, मीच दोन दिवसांआड घासतो.

पण खर्चाच्या वह्या भरवणारा खरा रोग वेगळाच आहे. तो म्हणजे माया. खान्देशी माणूस एकट्याने खाऊ शकत नाही, समोर जो बसेल त्याच्या तोंडात घास गेलाच पाहिजे. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते, काडीकचऱ्याच्या जाळावर वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, वर बोटभर तेल, लसूण, मिरची आणि मूठ-मूठ कांद्याची पात. कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत लाडक्या कुत्र्यालाही मिळतं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे कोणाला माहीत असणार? दोन-तीन दिवसांनी कुत्रं पडून राहतं, लघवी चहासारखी होते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. पहिल्या हिवाळ्यात अशा चार केसेस आल्या आणि एक पॉमेरियन माझ्या टेबलावर गेलं. तेव्हापासून मी केसपेपरवर पहिला प्रश्न छापून घेतला, "काय खातो?" त्यापुढे कंसात कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, हाडं. हा प्रश्न मी इतक्या अभिमानाने विचारायची की जणू पशुवैद्यकाचा शोध मीच लावला. त्या अभिमानानेच पुढे माझा घात केला.

जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. त्यातल्या एका गल्लीत कापडाचं मोठं दुकान असलेलं एक जैन कुटुंब राहतं. चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले, आता गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलून लुगडी खपवतात. दुकान सांभाळणारे प्रकाशशेठ, त्यांची बायको संगीता, आणि सगळ्यांवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई, ज्यांना अख्खी गल्ली बाईजी म्हणते. चार वर्षांपूर्वी आषाढात संगीता एक पिल्लू घेऊन आली. नारळाएवढं, पांढरं, जेमतेम आठशे ग्रॅम. विकणाऱ्याने 'टी-कप पॉमेरियन' म्हणून जास्त पैसे घेतले होते. टी-कप बिकप काही नसतं. आईपासून लवकर तोडलेलं, कमी वाढलेलं पिल्लू असतं ते, पण हे मी प्रत्येकाला सांगत बसले तर लोक मलाच खोटं पाडतात.

पिल्लाचं नाव विचारलं तर संगीता म्हणाली, मिश्री. आबांनी पेन थांबवलं. आमच्याकडे मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बायाबापड्या दाताला लावतात ती. आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, हाई दात घासानी मिश्री शे का?" मला हसू आवरेना. म्हटलं, चला, निदान या घरात दातांची काळजी घेतील. संगीता बिचारी काही न कळून आमच्याबरोबर हसली.

तक्रार अशी होती, की पिल्लाला पहाटे फिट आली. आधी पाय लटपटले, मग आडवं पडलं, डोळे थिजले, पाय वल्ह्यासारखे मारू लागलं. पण दहा वाजता माझ्या टेबलावर ते इकडून तिकडे पळत होतं आणि आबांच्या शर्टाचं बटण चावत होतं. ताप नव्हता, कान-डोळे स्वच्छ होते. मी माझा लाडका प्रश्न टाकला. काय खाते? संगीताने यादी दिली, दूध-पोळी, मुगाची खिचडी, पनीर, डब्यातलं कुत्र्याचं शाकाहारी खाणं. किती वेळा? चार वेळा. कांदा-लसूण? तिने कानाला हात लावले. घरात बटाटासुद्धा येत नव्हता. मी निर्धास्त झाले. जैन घरातला पेशंट म्हणजे माझ्या दृष्टीने निम्मी सुट्टी, कारण भरीत नाही, हाड नाही, काही नाही. जंताचं औषध दिलं आणि पाठवलं.

आठ दिवसांत दुसरी फिट आली, तीही पहाटे. दहा वाजता पुन्हा पिल्लू ठणठणीत. आता मला फेफऱ्याची शंका आली. लहान जातींत मेंदूचे जन्मजात दोषही असतात. मी फिटच्या गोळीच्या बारीक पुड्या करून दिल्या, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. या औषधाने झोप येते, एवढं मी सांगितलं. मग तिसरी फिट आली. मी म्हटलं, आता नाशिक किंवा मुंबईला नेऊन मेंदूची तपासणी करावी लागेल. प्रकाशशेठना फोनवर खर्च सांगितला. ते म्हणाले, डॉक्टर, पिल्लाच्या तिप्पट त्याच्या फोटोला लागणार? मी त्यांना दोष देत नाही. मुंबईपर्यंत प्रवास, मुक्काम, भूल, तपासणी, आणि शेवटी रोग कळला तरी बरा होईलच असं नाही. त्यांनी ठरवलं, पर्युषणाच्या उपासांपर्यंत बघू. तोवर उतार पडला नाही तर विकणाऱ्याला परत देऊ. विकणारा अशा पिल्लाचं काय करतो, हे मला ठाऊक होतं. इंजेक्शन देऊन जीव सोडवणं हा शब्द तर त्या घरात काढायचीही सोय नव्हती.

खरी पंचाईत बाईजींची होती. पिल्लू आणलं तेव्हा त्यांचाच कडाडून विरोध होता, घरात कुत्रं नको, विटाळ नको. पण पिल्लांना नेमकं कळतं कोणाच्या पायाशी जायचं ते. दुसऱ्या दिवसापासून मिश्री त्यांच्याच पायाशी झोपायची. बाईजींनीच तिला नाव ठेवलं, त्याच तिला भरवायच्या. संगीता सांगत होती, की परत द्यायचा विषय निघाल्यापासून आईंनी मुलाशी बोलणंच सोडलंय. मला वाईट वाटलं, पण करणार काय. माझ्या मते मी सगळं करून चुकले होते.

श्रावणातली एक सकाळ. सव्वासहाला संगीताचा फोन आला. ती रडतच होती, मिश्री उठतच नाही, लवकर या. मी गाऊनवरच साडी कशीबशी गुंडाळली आणि स्कूटी काढली. पांझरेचा पूल ओलांडून पंधरा मिनिटांत मी त्यांच्या माजघरात होते.

बाईजी भिंतीशी लोकरी कटासण्यावर बसल्या होत्या, तोंडापुढे पांढरी मुखवस्त्रिका, हातात माळ. त्यांची सामायिक चालू होती. सामायिक म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी बसून संसारातलं सगळं बाजूला ठेवायचं. मध्ये उठायचं नाही, घरातल्या कामाचं बोलायचं नाही. मिश्री त्यांच्यापासून हातभर अंतरावर आडवी पडली होती. कान बर्फासारखे गार, हिरड्या फिकट, पाय मधूनच हलत होते. बाईजींची माळ चालू होती पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी फिट थांबवायचं इंजेक्शन सिरिंजमध्ये भरलं आणि शीर शोधू लागले. सापडेना. उजेड मिळावा म्हणून पिल्लू घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी सरकले, तर कोपऱ्यात मिश्रीची स्टीलची ताटली दिसली. घासून, पुसून, पालथी घातलेली. गुरांत आयुष्य गेलेल्या बाईला रिकामी गव्हाण लगेच टोचते. मी संगीताला विचारलं, ही पालथी का?

संगीता म्हणाली, "सूर्यास्ताला पालथीच घालतात आई. चौमासा आहे ना, आमच्याकडे सगळ्यांना चोविहार असतो. मिश्रीलासुद्धा. थेंबभर पाणीही नाही घेत रात्री, इतकी शहाणी आहे."

चोविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न-पाणी बंद. आणि सकाळी सूर्य उगवल्यावर पुन्हा दोन घटका थांबून मग तोंडात काही घालायचं, त्याला नवकारशी म्हणतात. मोठ्या माणसाला झेपतं, उलट बरंच असतं. पण आठशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात साठवण ती काय? दर चार-पाच तासांनी पोटात काही गेलं नाही तर त्याच्या रक्तातली साखर खाली कोसळते आणि थेट फिट येते. हे पिल्लू रोज बारा-तेरा तास उपाशी राहत होतं. दिवसातून चार वेळा खात होतं, खरंच खात होतं, पण चारही वेळा उजेडात. मी 'काय' विचारलं, 'किती वेळा' विचारलं, 'कधी' विचारलंच नाही. दहा वाजता मिश्री माझ्याकडे यायची तेव्हा नवकारशी होऊन गेलेली असायची, पोट भरलेलं असायचं.

आणि लाजेची गोष्ट म्हणजे मी स्वतः पंधरा वर्षं मधुमेही आहे. साखर मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्ये असतं. हात थरथरणं, डोळ्यापुढे अंधारी येणं मी स्वतः भोगलंय. मिश्रीच्या कानाच्या कडेला सुई टोचून थेंब घेतला, तर यंत्रावर आकडासुद्धा उमटला नाही, नुसतं 'लो' आलं. मी सिरिंज खाली ठेवली.

मी संगीताला म्हटलं, मध आण, हिरड्यांना लावायला. ती म्हणाली, आमच्यात मध चालत नाही, घरात नसतोच. मग साखर आण. ती स्वयंपाकघराकडे वळली आणि उंबऱ्यात थबकली. नवकारशी व्हायला अजून वीसेक मिनिटं होती, तोवर त्या घरात डबा उघडत नाहीत. तिने सासूकडे पाहिलं. तिची चूक नव्हती, अठरा वर्षांची सवय होती ती. पण माझ्या तळहातावर त्या जिवाचा श्वास विरळ होत होता आणि माझा पारा चढत होता.

तेवढ्यात बाईजींनी मुखवस्त्रिका खाली केली. "मिश्री आण," त्या म्हणाल्या.

मी वैतागून म्हटलं, "बाईजी, मिश्री माझ्या हातातच आहे."

"ती नाही हो. डबीतली मिश्री. खडीसाखर." आणि सून हलेना म्हणताना त्या स्वतःच उठल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, सामायिक अर्धी टाकून, गुडघ्यावर हात देत उठली, देव्हाऱ्याच्या फडताळातली डबी काढली, खडे पाट्यावर टाकून वरवंट्याने फोडले आणि चमचाभर पाण्यात विरघळवून माझ्यापुढे धरले. मी बोटाने ते पाणी मिश्रीच्या हिरड्यांना चोळत राहिले. थोडं थोडं, ठसका लागणार नाही असं. बाईजी माझ्या शेजारी जमिनीवर बसून पिल्लाचे गार पंजे स्वतःच्या तळव्यांत धरून बसल्या.

सात-आठ मिनिटं गेली असतील. मिश्रीने जीभ फिरवली. मग डोळा हलला. मग मान उचलून तिने माझं बोट चाटलं, बाईजींकडे पाहिलं, डुगडुगत चार पावलं टाकली आणि थेट कटासण्यावर जाऊन मुतली. इतका आनंद मला अडलेली गाय मोकळी करूनही क्वचितच झाला असेल. संगीता हसत-रडत फडकं आणायला धावली.

बाईजी मात्र हसल्या नाहीत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, रात्री उशिरा एकदा आणि पहाटे एकदा खाणं दिलंच पाहिजे, मोठी झाली की हा त्रास राहणार नाही, मेंदूबिंदूला काही झालेलं नाही. मला धास्ती होती की आता व्रताचा वाद निघेल, आणि मी भांडायच्या तयारीत बसले होते. प्रकाशशेठही दारात उभे राहून म्हणाले, आईच्या चौमासात रात्री घरात अन्न कसं काढायचं?

बाईजी त्यांच्याशी कितीतरी दिवसांनी बोलल्या. "पचखाण मी घेतलं, नेम माझा. तिने कुठे घेतलं? माझ्या पुण्यासाठी मी तिचं पोट उपाशी ठेवलं. रात्रीची ताटली मीच ठेवीन. तिच्या तोंडात गेलेलं माझ्या तोंडात थोडंच जातं?" मग माझ्याकडे वळून त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी मारत होते हो तिला."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत, असं मनाला लावून घेऊ नका. आणि तिथेच गप्प बसले. त्याच वेळी सांगायला हवं होतं, की बाईजी, मीही मारत होते. भुकेने कोसळणाऱ्या पिल्लाला मी गुंगीचं औषध देत होते. गुंगीत ते संध्याकाळचं आणखी कमी खाणार, आणि सकाळी आणखी कोसळणार. तुमच्याकडून अज्ञानाने झालं, माझ्याकडे तर पदवी आहे. पण जीभ उचलली नाही. पुड्या आता बंद करा, एवढं मी जाता जाता संगीताला सांगितलं, जणू काही ती किरकोळ बाब होती.

त्यानंतर मिश्रीला एकही फिट आली नाही. प्रकाशशेठनी मिठाईचा पुडा पाठवला आणि दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, की मुंबईचा खर्च वाचवणारी डॉक्टर आपल्या धुळ्यातच आहे. गल्लीतून चार नवे पेशंट आले. प्रत्येक जण विचारायचा, तुम्हीच ना त्या फिटवाल्या डॉक्टरीणबाई? मी मान हलवायची आणि मला आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इकडे संगीता सांगायची, की आई फार खचल्यात, जैन स्थानकात जाऊन साधू-महाराजांपुढे रडल्या, मी जीव मारत होते म्हणून. म्हणजे सगळं पाप त्या माउलीच्या पदरात आणि मिठाई माझ्या. आबांना सगळं माहीत होतं. पुड्या त्यांनीच बांधल्या होत्या. ते रोज झाडून काढताना एकदा तरी म्हणायचे, "बाई, पुड्यास्नं सांगी टाका." मी म्हणायची, आबा, तुम्ही तुमचं काम करा.

पर्युषण आलं. बाईजींनी त्या वयात अठ्ठाई केली. आठ दिवस अन्न नाही, फक्त दिवसा उकळलेलं पाणी. संगीता म्हणाली, स्वतः भिंत धरून चालायच्या पण रात्रीची मिश्रीची ताटली दुसऱ्या कोणाला ठेवू द्यायच्या नाहीत.

आणि संवत्सरी झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या दवाखान्यापुढे रिक्षा थांबली. बाईजी उतरल्या, पाठोपाठ मिश्रीला घेऊन संगीता. जैनांमध्ये संवत्सरीला वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतात. बाईजींनी पायरी चढून आधी आबांना हात जोडले. आबा इतके गोंधळले की त्यांनी हातातल्या कापसासकट नमस्कार केला. मग बाईजींनी टेबलावर ठेवलेल्या मिश्रीपुढे हात जोडले, अगदी वाकून, "मिच्छामि दुक्कडम्, बेटा." मिश्रीने त्यांचं नाक चाटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडायच्या आत मी त्यांचे हात धरले.

"बाईजी, आधी माझं ऐका," मी म्हटलं. "त्या पुड्या चुकीच्या होत्या. झोपेचं औषध होतं ते, तिला भूक लागली होती. त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही मी. लाज वाटली."

दवाखान्यात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर बोलले, आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. संगीताने तोंडाला पदर लावला. बाईजींचा चेहरा मात्र जराही बदलला नाही. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, त्यातून एक गोल स्टीलची डबी काढली आणि टेबलावर ठेवून उघडली. आत खडीसाखरेचे खडे होते, आणि खड्यांच्या बाजूला, आबांनी घड्या घातलेल्या माझ्या पुड्या. जवळजवळ सगळ्याच.

"चार दिल्या होत्या मी," त्या म्हणाल्या. "ती शेपूट हलवेना झाली. म्हटलं, फिटने मरायची तेव्हा मरेल, पण जिवंत आहे तोवर मला ओळखू तरी दे. बाकीच्या ठेवून दिल्या. सुनेला सांगितलं नाही, ती घाबरली असती."

म्हणजे माझ्या औषधापासून हिला वाचवलं होतं ते याच बाईने, आणि पाप केलं म्हणून रडतही होती हीच बाई. मी विचारलं, तुम्हाला पुड्यांचं कळलं होतं, मग त्या दिवशी मला बोलला का नाहीत?

बाईजी मिश्रीची पाठ थोपटत होत्या. "तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलंच असणार. म्हटलं, बोलाल तुम्ही. मला वाट बघायची सवय आहे."

मग त्यांनी पुड्या वेगळ्या काढून माझ्यापुढे सरकवल्या. औषध टाकून द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. "दुसऱ्या कोणाला लागतील, खरीच फिट असलेल्या कोणाला," त्या म्हणाल्या. "फक्त द्यायच्या आधी विचारा, जेवलं कधी होतं."

माझ्या केसपेपरवर आता हाच प्रश्न सगळ्यांत वर आहे. छापखानेवाल्याने विचारलं होतं, बाई, कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव या सगळ्याच्या आधी? मी म्हटलं, हो, सगळ्याच्या आधी.

मिश्री आता साडेचार वर्षांची आहे. वजन चार किलो, म्हणजे हवं त्यापेक्षा किलोभर जास्त, कारण बाईजींनी रात्रीची ताटली अजून थांबवलेली नाही. मी दर वेळी सांगते, आता गरज नाही, गुडघे जातील तिचे. बाईजी ऐकून घेतात, मान हलवतात, आणि निघताना माझ्या हातावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवून विचारतात, डॉक्टर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?